प्रिंटरकाकांची ओळख

यंत्रं आपलं भलंबुरं स्वतः ठरवायची, त्या काळची ही गोष्ट. घरच्या कॉम्प्युटरला नवी सिस्टीम घ्यायची होती. जुनीच्या फटींतून व्हायरस आत शिरू लागले होते. पण म्हातारे प्रिंटरकाका गळा काढायचे, "नवीला मी ओळखू येणार नाही. दसऱ्याला आपल्या दोघांवर एकच हार पडतो रे!" की कॉम्प्युटर बिचारा 'नंतर'चं बटण दाबायचा.

शेवटी कीबोर्ड भडकला. "काका, तुमची शाई केव्हाच वाळलीय. तुमच्या ओळखीपायी यानं घरातले सगळे फोटो व्हायरसच्या घशात घालायचे? ही कसली माया?"

काकांना आधी राग आला, मग लाज वाटली. "घे बाबा नवी," ते पुटपुटले.

नवी सिस्टीम घेऊन कॉम्प्युटर जागा झाला. शेजारी बघून म्हणाला, "आपण कोण?"

"मी प्रिंटर. इथेच असतो," काका म्हणाले. "फोटो सगळे आहेत ना रे?"