शतावरीचं बंद दार

जंगलाच्या काठावरच्या इवल्याशा झोपडीत आवडी नावाची नऊ वर्षांची पोर राहायची. तिची आई तापातून उठली खरी, पण तिच्या अंगात त्राण म्हणून उरलं नव्हतं. नीट वाळलेली मूठभर शतावरी आण, आईचं औषध करून देते, असं वैद्यीणबाईंनी सांगितलं होतं. आवडीने काटेरी हिरव्या वेलीखालून पांढरीशुभ्र, गुबगुबीत मुळं खणून आणली. पण मेली वाळतील तर शपथ. दर खेपेला त्यांना बुरशी यायची. आता सुपात शेवटच्या तीन मुठी उरल्या होत्या आणि आवडी मुसमुसत होती.

तेवढ्यात केशरी-गुलाबी पंखांची, बोटाएवढी परी चमचमत सुपाच्या काठावर उतरली. ती होती ऊनवाऱ्याची परी.

"तीन इच्छा माग," ती म्हणाली. "पण मला येतं ते फक्त वारा घालायला. आणि ज्याचं दार बंद, त्याच्या घरात मी शिरत नाही."

आवडीने ऊन वारा मागितला. पहिली मूठ वरून सुकली, आतून ओलीच राहिली. मग तिने चांगला कढत वारा मागितला. दुसऱ्या मुठीची सालं लाकडासारखी कडक झाली आणि ओल आतच कोंडली. घाई नडली, दुसरं काय.

सगळी ऊब देऊन बिचारी परी मात्र गारठली. आवडी आपलं रडणं विसरली. तिने चुलीवर पाणी उकळलं आणि वाफेवर परीचे चिमुकले पंख शेकले. त्या गडबडीत एक मूळ पाण्यात पडलं. बाहेर काढलं तर साल अलगद सुटून हातात आली. दार म्हणजे ही साल, हे तिला तेव्हा उमगलं. उरलेली मुळं तिने उकळत्या पाण्यातून काढली, सोलली आणि मधली शीर ओढून टाकली.

आता इच्छा एकच उरली होती, आणि परी अजून कुडकुडत होती.

"आधी तू बरी हो, हीच माझी तिसरी इच्छा," आवडी म्हणाली. "मुळं मी उन्हात ठेवीन."

परी हसली. तिच्या पंखांतून सोनेरी उजेड उसळला, ऊबदार झुळूक सुपावरून गेली आणि त्या उजेडातच ती विरून गेली. सुपात मुळं वाळून खडखडत होती.

वैद्यीणबाईंनी मूळ मोडून पाहिलं, ते कट्‌कन मोडलं. महिन्याभरात आई आपल्या पायांनी विहिरीवर गेली. येताना आवडी हात हलवत मागून चालत होती, कारण भरली घागर तिच्या हाती द्यायला आई काही केल्या तयार नव्हती.