अस्वलाची बाजू मांडणारी साळुंकी

बालमित्रांनो, मोहाच्या झाडांनी गच्च भरलेल्या एका जंगलातली ही गोष्ट. त्या जंगलात एका साळुंकीचे बिऱ्हाड होते. तिला सगळ्या प्राण्यांची बोली समजे. घुबडाचा घुत्कार असो की खारीची चिरचिर, ती नीट ऐकून घ्यायची आणि सर्वांना कळेल अशा गोड, स्वच्छ शब्दांत सांगायची. म्हाताऱ्या गव्यासमोर जंगलाची सभा भरली की ज्याला बोलता येत नसे, त्याच्या वतीने साळुंकी बोले. एकदा मुंगसावर अंडी चोरल्याचा आळ आला आणि भीतीने त्याची दातखीळ बसली. साळुंकीने त्याची बाजू मांडली, खरा चोर नाग निघाला आणि मुंगूस सुटले. तेव्हापासून सगळे तिला 'ताई' म्हणू लागले. तिलाही ते फार आवडे.

त्याच जंगलात टेकडीवरच्या गुहेत एक अस्वल राहत असे. गुहेपुढच्या कातळात एक खोल खड्डा होता. चैत्रात मोहाची फुले पडू लागली की अस्वल ती गोळा करून खड्ड्यात टाकी. झऱ्याचे पाणी त्यात झिरपे, फुले आंबत आणि त्या पाण्याला उग्र गोड वास येई. ते प्यायले की डोके हलके होई आणि पाय जड. ज्याला प्यायचे असेल त्याने अस्वलासाठी कंदमुळे आणायची, असा तिथला रिवाज होता. पण एवढी टेकडी चढून येणार कोण? अस्वलाच्या मनात आले, पाणवठ्याच्या वाटेवर असा एक खड्डा केला, तर रोज सगळे जंगलच आपल्या दारात येईल! मात्र पाणवठ्याजवळ काहीही करायचे तर सभेची परवानगी लागे.

म्हणून अस्वल साळुंकीकडे आले. "ताई, माझ्यासाठी तू बोल," ते गुरगुरत म्हणाले. "मी तोंड उघडलं की सगळे पळत सुटतात. माझ्या गुहेशेजारच्या ऐनाच्या झाडात मोठी ढोली आहे. माझ्या भीतीनं तिकडे साप फिरकत नाही. ती ढोली तुझी."

मागच्या उन्हाळ्यात साळुंकीची पिल्ले सापाने खाल्ली होती. ढोलीचे नाव ऐकताच तिचे मन पाघळले. ती ढोली बघायला टेकडीवर गेली. खड्ड्याजवळ वानराचे एक लहान पिल्लू आडवे पडले होते. त्याला फांदी धरता येईना, डोळे उघडता येईनात. त्याची आई त्याला हलवून हलवून हाका मारत होती. साळुंकी थोडा वेळ बघत राहिली. मग ती ढोलीत शिरली. आत कोरडे होते, उबदार होते.

सभा भरली. साळुंकी पुढच्या फांदीवर बसून म्हणाली, "आजोबा, मोह हे आपल्याच जंगलाचं फूल. ते मातीत कुजावं, की थकल्याभागल्या जिवाला त्यानं घटकाभर विसावा द्यावा? अस्वलदादा कुणाचं तोंड धरून पाजत नाही. ज्याला हवं तो पिईल, नको असेल तो पुढं जाईल. हे पी आणि ते पिऊ नको असं कुणी शिकवायला आपण काय दूधपिती पाडसं आहोत?"

सगळे खळखळून हसले. गव्याने मान डोलावली आणि अस्वलाला परवानगी मिळाली. वानराच्या पिल्लाविषयी साळुंकीला कुणी विचारले नाही आणि तिनेही सांगितले नाही.

अस्वलाने पाणवठ्याच्या वाटेवर खड्डा खणला आणि त्यातल्या पाण्यात मोहाची फुले आंबत घातली. उन्हाळा चढला. लहानमोठे सारे प्राणी पाणवठ्याकडे येऊ लागले. एके दुपारी हरिणीचे पाडस कळपाच्या मागे राहिले. तहानेने त्याची जीभ कोरडी पडली होती. वाटेतच पाणी दिसले, वरून गोड वास. पाडसाने खड्ड्यात तोंड घातले आणि ते पोटभर प्यायले. थोडे पुढे गेल्यावर त्याचे पाय एकमेकांत अडकू लागले. पाणवठ्याशेजारच्या घळीत ते कोसळले आणि त्याचा मागचा पाय मोडला.

दुसऱ्या दिवशी साळुंकी ढोलीत मऊ गवत अंथरत होती. खाली हरिणी येऊन उभी राहिली. साळुंकीला वाटले, ही भांडायला आली. 'मी फक्त बाजू मांडली' हे उत्तर तिने कधीपासून तयार ठेवले होते.

पण हरिणी म्हणाली, "ताई, तुझ्याकडे काम घेऊन आलेय. माझं पाडस उभं राहत नाही गं. सभेत बोलायला गेले तर मला नुसतं रडू येईल. माझ्या लेकराची बाजू तू मांडशील का?"

साळुंकी गडबडली. "अगं, पण अस्वलासाठी मीच बोलले होते. तुला ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे. तुझं ऐकून त्यांनी होकार दिला, तर तुझंच ऐकून नकारही देतील."

"ते माझं म्हणणं नव्हतं," साळुंकी घाईघाईने म्हणाली. "म्हणणं अस्वलाचं. मी त्याला फक्त शब्द दिले."

हरिणीने वर पाहिले. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, नवल होते. "पण ताई, अस्वल स्वतः बोललं असतं, तर कुणी हो म्हटलं असतं का?"

साळुंकीने उगाचच गवताची एक काडी चोचीत उचलली.

"असं काही होईल हे तुला माहीत नव्हतं, हो ना?" हरिणीने मोठ्या आशेने विचारले.

साळुंकीने चोचीतली काडी खाली टाकली. "माहीत होतं," ती हळूच म्हणाली. "वानराचं पिल्लू मी डोळ्यांनी पाहिलं होतं."

हरिणी पाठ फिरवून निघाली. चार पावलांवर थांबली, परत आली आणि म्हणाली, "मग हेच सभेत सांग."

साळुंकीने तसेच सांगितले. त्या दिवशी तिने गोड शब्द शोधले नाहीत. काय पाहिले, काय झाकले आणि कशाच्या मोहाने झाकले, सगळे सांगून टाकले. सभेत एकच कल्लोळ झाला. कावळा ओरडला, "हाकला हिला!" अस्वल मागच्या पायांवर उभे राहिले आणि गरजले, "तू तर माझ्या बाजूची!"

साळुंकी उडून गेली नाही. "अस्वलदादा, तुझ्यावर कुणी खोटा आळ घेतला, तर मी पुन्हा तुझ्यासाठी बोलेन. पण दुसऱ्याच्या लेकराचा पाय मोडेल अशी परवानगी तुला मिळवून देणार नाही. एकदा दिली. तो पाय तुझ्याइतकाच माझ्यामुळंही मोडला."

म्हातारा गवा पुढे आला. मग तो म्हणाला, "बोलणं गोड लागलं म्हणून मीही काही विचारलं नाही. यापुढे विचारीन. वाटेवरचा खड्डा दगडांनी बुजवा. आणि साळुंकीला हाकलू नका. आज ती जे बोलली, ते बोलणारं जंगलात कुणीतरी हवं."

साळुंकीने ढोली आपणहून सोडली आणि कुरणाकाठच्या एका काटेरी बाभळीवर नवे घरटे बांधले. सापाची भीती होतीच, पण खाली हरिणांचा कळप चरे आणि जरा कुठे सळसळले की हरिणी मोठ्याने ओरडून तिला सावध करी. पाडसाचा पाय जुळून आला, तरी ते थोडे लंगडतच राहिले. साळुंकी रोज सकाळी त्याच्या पाठीवर बसून गोचिड्या वेचू लागली.

एके सकाळी हरिणी म्हणाली, "ताई, तुझे फार उपकार झाले बघ."

"माझे कसले? उपकार तुझे," साळुंकी म्हणाली. "तू नुसती रागावली असतीस, तर मी काहीतरी उत्तर देऊन मोकळी झाले असते. तू मला काम दिलंस."

पाडसाने शेपटी हलवली. साळुंकीने त्याच्या कानामागची गोचिडी अलगद टिपली.

तात्पर्य : अडलेल्याची बाजू मांडणे हे चांगलेच काम आहे, पण समोर दिसणारे नुकसान झाकून कुणासाठी परवानगी मिळवली, तर त्या नुकसानीचा भार करणाऱ्याइतकाच बोलणाऱ्यावरही असतो. तो भार दाखवून देऊन पुन्हा चांगले बोलण्याची संधी देणारा भेटला, तर त्याचे आभार मानावेत.