ठगूबाईच्या पायघड्या

किती पिढ्या झाल्या ते नेमकं सांगणारा आता कोणी उरला नाही. पण खानदेशात तामसखेडे नावाचं गाव होतं आणि त्या गावात ठगूबाई परटीण होती, एवढं नक्की. गावाचे कपडे धुणं हे तिचं रोजचं काम. मानाचं काम वर्षातून एकदाच, मरीमायच्या जत्रेत पायघड्या घालायचं.

ही जत्रा वैशाखात भरे. त्या दिवशी गावाचा भगत एकीला एक बांधलेल्या बारा गाड्या एकटा ओढायचा, आणि वर माणसं खचाखच बसलेली असायची. भगतानं पाच दिवस उपास करायचा, ओढायच्या दिवशी पाण्याचा थेंब घ्यायचा नाही, आणि सूर्य डोक्यावर आल्याखेरीज दोराला हात लावायचा नाही. हा नियम कोणी केला, हे विचारायची सोय नव्हती. तीस वर्षांत तीन भगत गाड्यांपुढेच गेले होते. मरीमायनं त्यांना पदरात घेतलं, असं गाव म्हणे आणि पुन्हा पुढच्या वर्षी गाड्या बांधायला मोकळं होई.

ठगूबाईचा नवरा काही भगत नव्हता. तो नदीवर कपडे धुता धुता गेला. एका दुपारी तो उगाच हसायला लागला, भलतंसलतं बोलायला लागला, झोकांड्या खायला लागला. तिला वाटलं, मोहाची पिऊन आला. रागाच्या भरात तिनं त्याला तसाच खडकावर निजू दिला. थोड्या वेळानं हलवायला गेली तर सगळं संपलेलं. अंग हाताला चटका देत होतं आणि दहा पावलांवर नदीचं पाणी वाहत होतं. हे तिनं स्वतःला कधी माफ केलं नाही.

तर पुढं एका साली ऊन असं पडलं की झाडावरचे कावळे पटापट खाली आले. देवळाच्या पायरीवर सांडलेल्या ज्वारीच्या जागच्या जागी लाह्या फुटल्या, असं म्हणतात. तशा उन्हात झिपरू भगतानं दोर कमरेला बांधला. पंचविशीचा गडी, अंगाला हळद, पायांत घुंगरू. ठगूबाई त्याच्यापुढं उलट्या पावलांनी चालत पायघड्या अंथरत होती, कारण त्या दिवशी भगत म्हणजे देव, आणि देवाला पाठ दाखवायची नाही. म्हणून गाड्यांवरचं आणि मागचं सगळं गाव झिपरूची पाठ बघत होतं आणि त्याचं तोंड एकटी ठगूबाई.

अर्ध्या वाटेवर झिपरू हसला. ठगूबाईच्या हातातली पायघडी निसटली. ते हसू तिनं नदीवर पाहिलेलं होतं.

झिपरू काहीबाही बरळला, वाकडा चालला आणि कोसळला. डफ दुप्पट जोरानं वाजू लागले. लोक धावले, त्याच्याभोवती कोंडाळं झालं. देवी अंगात आली की भगताला काळ्या घोंगडीखाली झाकायचं आणि कौल मागायचा, अशी रीत. घोंगडी आलीसुद्धा. ठगूबाईनं ती हिसकावून भिरकावली.

आजवर परटिणीनं भगताला बोटही लावलं नव्हतं. डफ थांबले.

"ठगूबाई, दूर व्हय," पाटील म्हणाले. "देवी उनी शे तेना आंगमा."

"देवी नही, ऊन शे हाई," ती म्हणाली. "आंगले हात लाई पहा तेना." मग तिनं झिपरूच्या कानाशी तोंड नेलं. "झिपरू, तुनी मायनं नाव काय?"

झिपरूला आईचं नाव सांगता आलं नाही. त्याची आई चार हातांवर उभी होती.

"आन तो मरना ते?" पाटलांनी विचारलं.

"ते माले बी तठेच मातीमा गाडी द्या."

तिनं त्याला गाडीखालच्या सावलीत ओढलं. पायघड्या गोळा केल्या, गुरांच्या हाळात बुचकळल्या आणि त्याच्या उघड्या अंगावर टाकल्या. देवाच्या पायाखालचं कापड, गुरांचं पाणी, परटिणीचा हात! लोकांनी डोळे मिटून घेतले. कोणी तोंडात पाणी ओतायला आलं, त्याला तिनं ढकललं. शुद्धीवर नसलेल्याच्या घशात पाणी अडकतं, हे तिला ठाऊक होतं. "वारा घाला," ती बायांवर ओरडली, आणि आधी एकीनं, मग दहा जणींनी पदरानं वारा घातला. ओली पायघडी अंगावर पडताच वाफ होऊन सुकायची, असं म्हणतात. ती सुकली की दुसरी. अकरा सुकल्या. मग ठगूबाई देवळात शिरली आणि मरीमायच्या अंगावरचं हिरवं लुगडं सोडून आणलं. हाळाचं सगळं पाणी त्या एका लुगड्यानं शोषून घेतलं, असं म्हणतात. ते मात्र सुकलं नाही.

झिपरूनं डोळे उघडले. "माय," तो म्हणाला, "पानी." तेव्हा ठगूबाईनं त्याला मीठगुळाचं पाणी घोट घोट पाजलं.

जयजयकार करायला पाटलांनी हात वर केला, तेवढ्यात पारूबाई पुढं आली. आधीच्या भगताची ती बायको. मरीमायनं पदरात घेतलेल्याची बायको म्हणून तिला पहिल्या पंगतीचा मान होता.

"तो बी असाच हासे," ती म्हणाली. "मंग मना घरधनी..." तिनं स्वतःच्या हातांकडे पाहिलं. "घोंगडी मीच टाकेल व्हती."

ठगूबाईला खोटं बोलता आलं नाही आणि खरंही सांगवेना. तिनं पारूबाईला जवळ घेतलं. गाव हाळाकडे बघत होतं. तीन भगत, तीस वर्षं, आणि हाळ तर पूर्वीपासून तिथंच होता.

त्यानंतर तामसखेड्यात दोराला हात लावतात तो दिवस कलल्यावर. भगत तिथल्या हाळावर सगळ्यांदेखत पोटभर पाणी पितो, आणि पायघड्या ओल्या करूनच अंथरतात. परटाच्या घरातली सगळ्यांत वयस्कर बाई भगतासमोर उभी राहून त्याला आईचं नाव विचारते. ते पटकन सांगितलं तरच गाड्या हलतात.

अलीकडे एका साली भगत जरा अडखळला. म्हातारीनं दुसऱ्यांदा विचारलं नाही. तिनं त्याच्या कमरेचा दोर सोडला. गाड्यांवर बसलेली माणसं एकेक करून खाली उतरली.