पंजाचे झाड आणि उभी बाई

खडपाच्या वाडीत, पठाराच्या अगदी कडेला, एका पडक्या घराच्या अंगणात मेपलचे झाड आहे. या हवेत ते जगूच नये, असे जाणकार सांगतात. झाडाला कोणी विचारलेले नाही. वाडीतले लोक त्याला पंजाचे झाड म्हणतात, कारण पान उघड्या हातासारखे दिसते. झाडाच्या पश्चिमेला बाईएवढा काळा दगड उभा आहे. वैशाखात कलत्या उन्हाला रोज पाळीने एका घरचे माणूस त्या दगडाशेजारी, उन्हाकडे पाठ करून उभे राहते. पाहुणे आधी हसतात. मग वाडीतला बाबू ढेबे त्यांना गोष्ट सांगतो.

या घरात म्हणे गोजरा नावाची बाई राहायची. तिचा एकुलता एक मुलगा येसू आगबोटीवर कोळसा ओढायला गेला. एकदा कुठल्याशा थंड मुलखातून त्याने हे रोप डब्यात घालून आणले आणि अंगणात लावले. पुन्हा निघताना म्हणाला, "आई, ह्ये जगलं की समज, मी हाय." पोरे असे काहीबाही बोलून जातात, निस्तरायचे आयांना.

कार्तिकात पाने लालभडक झाली. सगळी वाडी बघायला आली, गोजराने सगळ्यांना गूळ वाटला. पुढे वारा सुटला आणि एकूण एक पान गळले. इथल्या झाडांना असे एकदम उघडे पडायची सवय नाही. शेजारच्या भागूने काय समजायचे ते समजून, सुतकाच्या घरी नेतात तसे पिठले-भाकरी आणली.

"घरात कुणी मेलं न्हाई," गोजरा म्हणाली. "घिऊन जा."

"गोजरे, पर झाड..."

"झोपलंय त्ये!"

बोलली खरी, पण रोज नखाने साल खरवडून हिरवे दिसते का बघायची. गळलेली पाने तिने मुळाशी पसरली, वर स्वतःची गोधडी घातली आणि आपण कुडकुडत राहिली. फाल्गुनात कोंब फुटले, तेव्हा ती घरोघर वेड्यासारखी सांगत सुटली.

मग वैशाख आला. पश्चिमेच्या उन्हाने पानांच्या कडा करपू लागल्या. तिने लुगडे आडवे बांधले, पठारावरच्या वाऱ्याने ते फाडून नेले. तेव्हा ती स्वतःच आड उभी राहिली. दर वैशाखात राहिली. येसूचे पत्र आले नाही. दर थंडीत पाने गळत, दर थंडीत ती साल खरवडत असे. एका वैशाखात भागू पाणी घेऊन आली, तर तिथे हा दगड होता, असे सांगतात.

"बाईचा दगड कसा होईल?" एका पाहुण्याने विचारले.

"रोज थोडा थोडा," बाबू म्हणाला.

आता झाड दगडापेक्षा कितीतरी उंच झाले आहे. सकाळी त्याचीच सावली दगडावर पडते. माणसांनी आड उभे राहण्याची काही गरज उरलेली नाही. पण आजही वाडी पाळी चुकवत नाही. आणि परमुलखी गेलेल्याची खबर येईनाशी झाली, तर आजही इथे त्याच्या घरी कोणी पिठले-भाकरी नेत नाही, 'गेला' म्हणत नाही. पाने गळलीत, एवढेच म्हणतात.

बाबूचा मुलगा कुठे असतो, असे त्या पाहुण्याने सहज विचारले.

"त्याची पानं गळल्याती," बाबू म्हणाला. त्या दिवशी त्याच्या घरची पाळी होती. तो दगडाशेजारी गेला आणि उन्हाकडे पाठ करून उभा राहिला.