मेव्हण्याचा बुधला

“पुढच्या अमावास्येला न्यायकचेरीच्या बुधल्यात शिकारकचेरीपेक्षा जास्त तेल उरलं पाहिजे! आणि एकही फिर्यादी निवाड्यावाचून परत जाता कामा नये! नाहीतर म्हादबा, तोंडाला काजळी फासून तुझी गाढवावरून धिंड, आणि वेशीबाहेर हकालपट्टी!”

खंडेराय महाराजांनी भर दरबारात म्हाताऱ्या म्हादबाला हुकूम सोडला. न्यायकचेरीत दिवाबत्ती करता करता त्याची हयात गेली होती. “महाराज, एक अर्ज...” म्हणून त्याने तोंड उघडलं, तर चोपदाराने काठी आपटून त्याला गप्प केलं.

महाराजांना मापण्याचं भारी वेड! महिन्याच्या सुरुवातीला साऱ्या कचेऱ्यांना दिव्यांसाठी सारखाच चामड्याचा बुधला भरून तेल मिळायचं. अमावास्येला ते बुधले भर दरबारात तराजूत चढायचे. ज्याच्यात तेल जास्त उरलं, त्याला भरजरी शेला. ज्याचा कोरडा, तो चोर! “तराजू खोटं बोलत नाही,” असं महाराज मिशीला पीळ देत सांगायचे.

शेला दर खेपेला एकाच्याच अंगावर. शिकारकचेरीचे कारभारी सर्जेराव, म्हणजे राणीसाहेबांचे सख्खे भाऊ! महाराज शिकारीला निघाले तर त्या कचेरीला काम, आणि गुडघे धरल्यापासून महाराज काही निघाले नव्हते. दुपारच्या झोपेत डोळ्यांवर ऊन नको म्हणून सर्जेरावांनी खिडक्यांवर वाघाची कातडी ठोकून घेतली होती. घोरायला दिवा लागतो कुठे? इकडे न्यायकचेरी बुरुजाच्या पोटात. ऐन दुपारीसुद्धा समया लावल्याशिवाय वादी कोण नि प्रतिवादी कोण, ते कळायचं नाही. त्यात माणसांची ही रीघ!

म्हादबा घरी आला तो डोळे पुसतच.

“हौसा, गाठोडं बांध. या वयात काळं तोंड घेऊन गावातून फिरायचं नशिबी आलं बघ.”

लेक चुलीपाशी होती. बापाचं रडणं बघून तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

“गाठोडं राहू द्या, आबा! गाढवावर कुणी बसायचं, ते अजून ठरायचंय.”

सकाळी तिने न्यायाधीश शास्त्रीबुवांना गाठून आपला बेत सांगितला. बुवा हसून म्हणाले, “सर्जेराव कबूल असतील तर माझी ना नाही.” तशी ती तडक शिकारकचेरीत गेली. सर्जेराव लोडाला टेकून जांभया देत होते.

“सरकार, एवढे शेले मिळवलेत, पण मुजरा करायला तुमच्या दारात काळं कुत्रं फिरकत नाही. जिवाला लागतं हो! महिनाभर न्यायनिवाडे तुमच्याकडे बसवा की. सारा मुलूख तुमच्या पुढ्यात वाकेल.”

सर्जेराव ताडकन उठून बसले. “खरंच की! आण सगळ्यांना! मात्र मुजरा आधी मला, मग शास्त्रीबुवांना!”

“मग उजेडासाठी ती कातडी काढू का?”

“खबरदार! मी झोपायचं कसं?”

“मग दिवे लावावे लागतील, सरकार.”

“लाव की! आमच्याकडे तेलाला काय तोटा?”

झालं! बुरुजाला कुलूप लागलं आणि शिकारकचेरीत जत्रा भरली. बांधाची भांडणं, सासवासुनांच्या तक्रारी, चोरलेल्या कोंबड्या, सारं वाघाच्या कातड्याखाली निकालात निघू लागलं. सर्जेराव मुजरे घेत घेत पेंगायचे, पेंगत पेंगत मुजरे घ्यायचे. समया मात्र सकाळपासून ढणाढणा जळत होत्या.

अमावास्या आली. तराजू लागला. न्यायकचेरीचं पारडं धपकन खाली बसलं आणि शिकारकचेरीचं वर जाऊन लोंबकळत राहिलं. मेव्हण्याचा बुधला पिळला तरी थेंब निघेना.

महाराजांनी डोळे चोळले. “शास्त्रीबुवा, फिर्यादी किती परत धाडले?”

“एकही नाही, महाराज. सगळ्यांचे निवाडे झाले.”

महाराज कचरले, पण भर दरबारात शब्द फिरवणार कसा?

“तराजू खोटं बोलत नाही! कोरडा बुधला कुणाचाही असो, शिक्षा तीच! काजळी आणा! गाढव आणा!”

“दाजी!” सर्जेराव दरबार-बिरबार सारं विसरून ओरडले. “अहो दाजी, हा कुठला न्याय? सगळ्या मुलुखाचं काम माझ्या कचेरीत झालं! त्यांच्या बुरुजाला कुलूप होतं, तेल उरायला काय झालं? नुसतं तेल काय मोजता? त्या तेलात काम किती झालं, ते तर बघा!”

म्हादबाच्या मागे उभी असलेली हौसा पुढे आली.

“ऐकलंत, महाराज? गेल्या अमावास्येला माझे आबा हेच सांगायला गेले, तर त्यांच्यापुढे काठी आपटली. आज सर्जेराव सरकारांनी माझ्या बापाची वकिली केली, तीही फुकटात! आणि तेल न जाळणाऱ्यालाच शेला द्यायचा असेल, तर पागेच्या भिंतीवरच्या चितारलेल्या घोड्यालाही एक द्या. चारा म्हणून खात नाही बिचारा!”

महाराजांनी एकदा तराजूकडे पाहिलं, एकदा मेव्हण्याकडे, आणि खो खो हसत सुटले. पोट धरून हसता हसता त्यांनी सर्जेरावांच्या खांद्यावरचा शेला ओढला आणि म्हादबाला पांघरला.

“पोरी, हरलो! माग काय हवं ते.”

“ते गाढव द्या, महाराज.”

“अगं, हत्ती माग!”

“गाढवच द्या. ते माझ्या दारात बांधलेलं असलं, की पुन्हा कुणाच्या बापाला अमावास्येची धडकी भरायची नाही.”

महाराज पुन्हा हसले. म्हादबाला त्यांनी सोन्याचं कडं दिलं. गाढवाच्या पाठीवर न्यायकचेरीसाठी तेलाचे दोन भरले बुधले लादायला लावले, आणि दोरी दिली सर्जेरावांच्या हातात. वाटेत लोक सवयीने वाकून मुजरे करत होते. ते दोघांपैकी कुणाला, हे विचारायची सर्जेरावांची छाती झाली नाही.