हिरवट काळा रणगाडा

मिरजेत काळा रंग माझ्यासारखा कुणाला देता येत नाही. ट्रकच्या चॅसीला मी दिला, शाळांच्या फळ्यांना मी दिला, स्मशानाच्या फाटकालाही मीच दिला. फाटकाचा महिन्याभरात निघाला म्हणा. पण तिथल्या गिऱ्हाइकांनी कधी तक्रार केली नाही.

“हा कुठला काळा, भैरूअण्णा?” शालनबाईंनी रणगाडा खिडकीशी धरून विचारलं.

“काळा तो काळा, बाई. काळ्याला काय गाव असतंय?”

“मी हिरवट काळा सांगितला होता.”

रणगाडा काड्यापेटीएवढा. बाईंचे यजमान लष्करात खरे रणगाडे दुरुस्त करायचे. रिटायर झाल्यावर त्यांनी या पडवीत जुनं दार आडवं टाकून त्यावर खोटी लढाई मांडली. भुश्श्याच्या टेकड्या, फासे, आणि दोन्ही बाजूंना आम्ही म्हातारे. रंगकाम बाईंकडे. त्या हायस्कुलात चित्रकला शिकवायच्या. यजमान गेले, पण बाईंनी दार काही हलवलं नाही.

दर रविवारी माझ्यासमोर जिनाप्पा. एक नंबरचा लबाड. फासा थांबायच्या आत ‘सहा!’ म्हणून ओरडणार.

तो आता अंथरुणाला खिळलाय. डॉक्टरांनी घरी पाठवलंय. म्हणजे समजा काय ते.

बाईंच्या यजमानांचा एक रणगाडा कपाटात असतो. सरळ धरला तर काळा, तिरका धरला की आडातल्या पाण्यासारखा हिरवा. तसला आपल्याकडे असावा, ही जिनाप्पाची जुनी हौस. म्हटलं, आपण स्वतः रंगवून न्यायचा. म्हणून या वयात मी बाईंचा शिष्य झालो.

“जिनाप्पांना भेटून आलात का?” बाईंनी विचारलं.

“रंग झाला की जातोच. रिकाम्या हातानं काय जायचं? बरं, तुमचा चष्मा नवा दिसतोय. अगदी हेडमास्तरीण!”

बाई हसल्या नाहीत.

मी हिरवा ओतला. रणगाड्याचा पोपट झाला.

“पुसा,” बाई म्हणाल्या.

पुसला.

“काळ्यात हिरव्याचा एक थेंब. चहाच्या पाण्याइतका पातळ. एक हात द्यायचा, वाळू द्यायचा. मग दुसरा. असे पुष्कळ.”

“आणि वाळेपर्यंत काय करायचं?”

“बसायचं.”

आता बसणं हे काही आपलं काम नाही. घरी जाऊन सुनेच्या केस वाळवायच्या मशीननं वाळवला. ट्रकला आम्ही असाच शेक द्यायचो. रणगाड्याला फोड आले. मशीनला हिरवा डाग पडला. तो कुणी पाडला, यावर घरात अजून चौकशी चालू आहे. मीही त्यात जोरानं भाग घेतोय.

दुसऱ्या दिवशी बाई चहा टाकायला आत गेल्या, तेव्हा मला अवदसा आठवली. फोडांचा रणगाडा खिशात घातला. कपाटातला काढून टेबलावर ठेवला. गरीब चेहरा केला.

“बघा बाई. जमलं का?”

बाईंनी तो उचलला. सरळ धरला... तिरका केला... कडेवरून अंगठा फिरवला.

“घाईत केलाय. हात भ्यालाय करणाऱ्याचा.”

मला हसू आवरेना. मांडीवर थाप मारून ओरडलो, “बाई, हा तुमचाच की! कपाटातला!”

“माहीत आहे.”

थापेचा हात मांडीवरच राहिला.

“यजमान दवाखान्यात होते,” बाई म्हणाल्या. “त्यांना दाखवायचा होता. मी इथं बसून रंगाच्या हातावर हात देत होते. दवाखान्यातून निरोप यायचा, मी म्हणायची, एवढा एक झाला की निघते. शेवटचा ओलाच होता. तसाच पदरात धरून नेला.”

कडेला पदराच्या विणीचा ठसा होता. इतके रविवार बघत आलो, कधी दिसला नव्हता.

“मग... बघितला त्यांनी?”

“बघितला.”

“काय म्हणाले?”

“म्हणाले, कुठं होतीस इतके दिवस?”

चहा निवला. त्यावर विनोद करावा असं फार वाटलं.

बाईंनी हात पुढं केला. मी खिशातला रणगाडा काढून दिला. त्यांनी फोड बघितले, चिंधी थिनरमध्ये बुडवली आणि सगळा रंग पुसून काढला. लहान लेकराचं तोंड पुसावं तसा.

“आता पुन्हा पहिल्यापासून?” मी म्हणालो. “अहो, आठवडा जाईल!”

“जाईल.”

“तेवढ्यात जिनाप्पा...” पुढचं मी गिळलं.

बाई उठल्या. जेवणाचा रिकामा डबा आणला. त्यात रंगाची बाटली ठेवली, ब्रश ठेवला, चिंधी ठेवली, उघडा पडलेला रणगाडा वर ठेवला. झाकण लावून डबा माझ्या मांडीवर दिला.

“हे काय? मला घालवताय होय? चुकलो, बाई. इथंच बसतो. अगदी गप बसतो, वाळेपर्यंत.”

“का? जिनाप्पांच्या घरी रंग वाळत नाही का, अण्णा?”