घंटेचा दोर बांधला तेव्हा

फार वर्षांपूर्वी वसईकडच्या एका चर्चमध्ये एक मोठी घंटा होती. गाव आपल्यामुळेच उठतं आणि आपल्यामुळेच प्रार्थना करतं, अशी तिची ठाम समजूत होती.

ईस्टरच्या आधीच्या पवित्र गुरुवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, झाली आणि घंटा वाजवणाऱ्या इनासमामांनी रिवाजाप्रमाणे तिचा दोर बांधून टाकला. प्रभूच्या दुःखसहनाच्या दिवसांत घंटा गप्प असते, तिच्याऐवजी लाकडी खटखट्या वाजवतात.

“मामा, असं करू नका,” घंटा कळवळली. “मी हाक मारली नाही तर रविवारी प्रभू उठणार कसा?”

“ते त्याचं तो बघेल,” मामा म्हणाले आणि गाठ आणखी घट्ट करून जेवायला गेले.

शुक्रवारभर घंटा तळमळली, येताजाता खटखट्यावर खेकसली. शनिवारी काळजी करून करून ती इतकी थकली, की जन्मात पहिल्यांदाच गाढ झोपली.

रविवारी मामांनी दोर ओढला तशी ती दचकून जागी झाली. “उशीर झाला का? प्रभूला उठवायचं राहिलं.”

“तो केव्हाच उठला,” कोनाड्यातून खटखट्या म्हणाला. “तुला उठवायला मात्र मामा लागले.”

पुढच्या वर्षी पवित्र गुरुवारी मामा दोर बांधायला जिना चढून आले, तर घंटा आधीच पेंगत होती.